पद्मिनी उघडताना

मोटारीच्या इंजिनात पिस्टन असतात एवढं मला शाळेपासून माहीत होतं. ते किती असतात, नेमके कुठे असतात आणि त्यांच्या वरखाली होण्याने चाक कसं फिरतं, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मी भूगोल शिकवते. गाडी चालवते ती शाळा आणि बाजारापुरती. बॉनेट उघडते ते काच धुवायचं पाणी भरायला. तरीही १९८४ सालची, कित्येक वर्षं जागची न हललेली प्रीमियर पद्मिनी मी विकत घेतली, कारण एखादं यंत्र शेवटच्या स्क्रूपर्यंत समजून घ्यावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. आजच्या गाडीत ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथे बिघाड कुठे आहे हे कळायलाच आधी संगणक जोडावा लागतो. पद्मिनीत संगणक नाही. जे काही घडतं ते पोलाद, पितळ, रबर आणि तारा यांच्यात घडतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं डोळ्यांना दिसतं. हे मात्र मला गाडी घेतल्यावर कळलं; घेताना फक्त तिचा चेहरा आवडला होता.

आमच्या कोल्हापुरात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. त्याला आधारही आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, १९७२ ची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी ही एकाच गाडीची बदलत गेलेली नावं. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना बँकेचं कर्ज काढून घेतलेली गाडी फियाटच होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते तीही हीच. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची उतरली. ही माहिती मी नुसत्या हौसेने गोळा केली होती. तिचा उपयोग नंतर उमगला. इतक्या टॅक्सी इतकी वर्षं एकाच इंजिनावर धावल्या, म्हणून त्याचे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आजही शोधले तर सापडतात, आणि ते इंजिन उघडून पुन्हा बसवू शकणारी माणसंही अजून आहेत.

त्यातले एक मला कोल्हापूरच्याच शिवाजी उद्यमनगरात भेटले. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. गडहिंग्लजकडे एका घराच्या जुन्या गोठ्यात उभी असलेली गाडी बघायला ते माझ्याबरोबर आले. मी रंग बघत होते, सीट बघत होते. मामांनी खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, त्याला रुमाल गुंडाळला आणि दारांच्या खालच्या कडेवरून ते सावकाश सरकवायला सुरुवात केली. कुठे चुंबक घट्ट धरायचं, कुठे घसरून हातात यायचं. घसरतं तिथे पत्रा सडलाय आणि वर लांबी भरलीय, असं ते म्हणाले. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. रंगाखाली ती पत्र्याइतकीच गुळगुळीत दिसते. मग त्यांनी मला पायाखालचं मॅटिंग उचलायला लावलं. ड्रायव्हरच्या बाजूला हाताचा पंजा जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून गोठ्याची जमीन दिसत होती. ‘‘ताई, इंजिन काय, हुतंय नीट,’’ मामा म्हणाले. ‘‘आदी पत्रा बघायचा.’’ ट्रकला असते तशी वेगळी चौकट पद्मिनीला नाही. इंजिन, स्प्रिंगा, चाकं, सगळं पत्र्याच्या सांगाड्यालाच जोडलेलं आहे. मी मात्र तोवर पत्र्याला इंजिनावरचं आवरण समजत आले होते.

कागदपत्रांचंही तसंच. आरसी बुकावरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेला असतो, हे मला माहीत नव्हतं. मामांनी रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसलं, कोरलेल्या अंकांवर खडू घासला आणि आकडे उठून दिसू लागले. दोन्ही जुळले. बुकात रंगाच्या रकान्यात ‘हिरवा’ लिहिलं होतं आणि समोर उभी गाडी मरून होती. हा फरक पुढे कामाला आला.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. मी नवी बॅटरी आणूनच ठेवली होती. मामांचा फोनवरचा पहिला निरोप होता, ‘‘किल्ली फिरवू नगासा.’’ इंजिन वर्षानुवर्षं बंद असलं की पिस्टनच्या कड्या, म्हणजे रिंगा, गंजाने सिलिंडरच्या भिंतीला धरून बसू शकतात. अशा वेळी सेल्फने जोर लावला तर रिंग मोडते किंवा भिंतीवर ओरखडा पडतो. म्हणून आधी २१ च्या गोटी पान्याने चारही स्पार्क प्लग काढायचे, भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडायचं आणि वाट बघायची. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने ढकलायची. गाडी ढकलून इंजिन कसं फिरणार, असा माझा प्रश्न होता. गिअर टाकला की इंजिन आणि मागची चाकं एकमेकांना जोडली जातात. मग इंजिन चाकं फिरवू शकतं तसं चाकंही इंजिन फिरवू शकतात. मामांनी प्रत्येक भोकावर कागदाचा बोळा ठेवायला सांगितला. मी आणि माझी मुलगी ढकलत होतो, आणि बोळे एकामागून एक उडाले: पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. ओळीने उडतील असं मी धरून चालले होते. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असाच असतो. पुस्तकात त्याला फायरिंग ऑर्डर म्हणतात. मी ती कागदाच्या बोळ्यांवरून शिकले.

त्या रात्री मी गणित घातलं. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची वरून खाली चाल ७५ मिलिमीटर. शाळेतलं दंडगोलाच्या घनफळाचं सूत्र लावलं, चाराने गुणलं, आणि उत्तर आलं १०८९ घन सेंटिमीटर. गाडीच्या माहितीत छापलेला १०८९ सीसी हा आकडा म्हणजे चार पोकळ नळ्यांचं घनफळ! इतकी वर्षं ८०० सीसी, १२०० सीसी असे आकडे जाहिरातींत वाचले होते, पण त्यामागे मोजता येणारी पोकळी आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

इंजिन मोकळं फिरतंय म्हटल्यावर मामांनी पुढचा धडा दिला. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि वेळेवर करंट. यातल्या ‘वेळेवर’ने माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला, आणि सगळ्यात जास्त आनंदही तिथेच मिळाला. पद्मिनीत ही वेळ डिस्ट्रिब्यूटर सांभाळतो. टोपण काढलं की मधोमध फिरणारा रोटर दिसतो, आणि त्याच्याखाली एकमेकांवर टेकलेले दोन इवलेसे धातूचे ठिपके, ज्यांना गॅरेजात नुसतं ‘पॉइंट’ म्हणतात. मधला दांडा चार कोपऱ्यांचा आहे. तो फिरतो तसा प्रत्येक कोपरा पॉइंटना क्षणभर दूर ढकलतो. बटण दाबलं की वर्तुळ पूर्ण होतं आणि दिवा लागतो, एवढंच माझं विजेचं ज्ञान. म्हणून पॉइंट टेकले की ठिणगी पडत असणार, असं मी गृहीत धरलं. घडतं नेमकं उलट. पॉइंट टेकलेले असताना बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमध्ये वाहतो आणि तिथे चुंबकत्व साठतं. पॉइंट दूर झाले की प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळतं, आणि कॉइलमधल्या बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो रोटरमार्फत ज्या प्लगची पाळी असेल त्याच्याकडे जातो. पॉइंटच्या टोकांवर ठिणगी पडून ती जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो.

माझ्या गाडीचे पॉइंट काळे पडले होते. बारीक पॉलिश पेपरने ते घासले आणि त्यांच्यातलं अंतर लावायला बसले. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडं कमी ठेवायचं असतं, आणि ते मोजायला फीलर गेज लागतं: वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. पट्टी सरकताना किंचित अडली पाहिजे, पण अडकता कामा नये. मोबाइलच्या उजेडात, वाकून, मी ती पट्टी पुन्हा पुन्हा सरकवत राहिले. प्लगच्या वायरी काढण्याआधी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता, त्याच क्रमाने त्या परत लावल्या. मग अंगणातला दिवा बंद करून प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि मुलीला सेल्फ मारायला सांगितलं. टक् टक् करत निळी ठिणगी दिसली. ती मी स्वतः बनवली होती. मुलगी आत बसून विचारत होती, ‘‘आई, अजून मारू का?’’ आणि मी मारच म्हणत होते.

पेट्रोलचं काम मात्र घाणेरडं निघालं. टाकीत उरलेल्या जुन्या पेट्रोलला वॉर्निशचा वास येत होता आणि तळाला तपकिरी चिकटा धरला होता. टाकी उतरवली. आत रॉकेल आणि मूठभर छोटे नट टाकले आणि मायलेकींनी ती धरून हलवली. निघालेलं रॉकेल गंजाने लालभडक होतं. हे करताना बॅटरीची तार काढलेली असावी, जवळपास ज्योत नसावी, आग विझवायचं सिलिंडर हाताशी असावं आणि काम उघड्यावर करावं. यात कुणीही घाई करू नये.

कार्ब्युरेटर उघडायला मला भीती वाटत होती. हवेत पेट्रोल मिसळणारं हे उपकरण ओंजळीत मावेल एवढं आहे. त्यात पेट्रोल ढकलणारं काहीतरी असेल म्हणून मी शोधत होते, आणि ते सापडेना. पंप असतो, पण तो पेट्रोल फक्त कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीपर्यंत आणून सोडतो. पुढचं काम हवाच करते. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबाकडे वाटीतलं पेट्रोल आपसूक खेचलं जातं. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे! मोसमी वारे शिकवताना फळ्यावर मी हे वाक्य दरवर्षी लिहिते. ते गाडीच्या बॉनेटखाली भेटेल असं वाटलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून मला कार्ब्युरेटरची भीती उरली नाही. वाटीतली पातळी सांभाळायला तरंगता फ्लोट आहे, आणि पेट्रोल किती जावं हे जेट ठरवतात. जेट म्हणजे मधोमध भोक असलेले पितळी स्क्रू. त्यावर कोरलेला आकडा त्या भोकाचं माप असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. भोक बुजलं होतं म्हणून मी तार घ्यायला उठले तेव्हा मामांनी थांबवलं. पितळ मऊ असतं. तारेने भोक वाढतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. शेजारच्या पंक्चरवाल्याकडे हवेच्या नळीने ते साफ केलं.

इथे एक इशारा सगळ्या जुन्या गाडीवाल्यांसाठी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी बनली तेव्हा तसं इंधन कुणाच्या डोक्यात नव्हतं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं, शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पोलादी टाकीला पुन्हा गंज. मी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, पंपाचा पडदाही बदलला. बाकी उपाय एकच: गाडी चालवत राहायचं. महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

इंजिन सुरू झालं ते चोक ओढून, सेल्फच्या थोड्या कुरकुरीनंतर. लगेच मागून निळ्या धुराचा लोट आला आणि मी घाबरून बंद केलं. मामा हसले नाहीत. त्यांनी रंग समजावले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा राहिला तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरात शिरतंय. सिलिंडरांत मीच ऑइल सोडलेलं होतं, ते जळून जायला हवं होतं. पुन्हा सुरू केलं, ऑइलचा लाल दिवा विझलाय हे बघितलं, आणि थोड्या वेळाने धूर विरळ होत गेला.

गाडी सुरू झाली की ती फाटकाबाहेर न्यायचा मोह होतो. मामांनी तो होऊच दिला नाही, आणि या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे: जी गाडी थांबू शकत नाही ती सुरू झालेली नाही असंच समजावं. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे दाब पोचवतं, तिथले छोटे सिलिंडर ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि ते ड्रमला घासतात. माझ्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मार्ग आहे. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. हे ऐकल्यावर मी सगळ्या नळ्या नव्या घातल्या आणि चाकांच्या सिलिंडरांची रबरंही. जुनं ब्रेक ऑइल काळपट निघालं. ते हवेतली वाफ शोषतं आणि आतून सिलिंडर गंजवतं, म्हणून ठरावीक काळाने ते बदलायचंच असतं. ते रंगही खातं. मडगार्डवर पडलेला थेंब पाण्याने लगेच धुतला, तरी तिथला रंग मऊ पडला. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, हेही इथेच शिकले. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं फेकून द्यायचं.

मग एअर काढणं. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा एक बुडबुडा असला तरी पॅडल स्पंजासारखं आत जातं आणि चाकापर्यंत दाब पोचत नाही. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने करायची, म्हणजे आपल्या गाड्यांत डाव्या मागच्या. मुलगी आत, मी चाकाशी, पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. ‘‘दाब… धर… सोड.’’ निपल सैल करायचं ‘धर’ म्हटल्यावर आणि आवळायचं ‘सोड’ म्हणण्याआधी. हा क्रम उलटला की हवा परत आत. चौथं चाक संपेपर्यंत मुलीला पायाने कळू लागलं होतं की अजून हवा आहे की नाही, ते मला बुडबुडे बघूनच कळायचं. नंतर मामांनी चारही ड्रम पुन्हा उघडून तपासले. ब्रेकचं काम नवख्याने जाणत्या माणसाच्या नजरेशिवाय करू नये.

पत्र्याने सगळ्यात जास्त महिने घेतले. फरशीचा सडलेला भाग डेंटरने कापून नवा पत्रा गॅस वेल्डिंगने जोडला. ते माझ्याने होणारं नव्हतं. खरवडणं माझ्याकडे होतं. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा, उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं. गंजाचं त्याने आयर्न फॉस्फेट होतं, काळसर आणि घट्ट, आणि त्यावर प्रायमर धरतो. पण दारांचा खालचा भागच का सडतो, हे मला कळत नव्हतं. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरणारच, ते बनवणाऱ्याने गृहीत धरलंय. म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो, बाहेरून दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. माझ्या चारही दारांची भोकं बुजलेली होती. काडीने ती मोकळी करायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. कोल्हापूरचा पाऊस डोळ्यांपुढे आणून सांगते: ज्यांच्याकडे कुठलीही गाडी आहे त्यांनी पावसाळ्याआधी एवढं जरूर करावं. आणि गाडी नुसत्या प्रायमरवर पावसात उभी करू नये. प्रायमर पाणी आत मुरू देतो. रंग चढेपर्यंत ती झाकून ठेवायची.

रंग कुठला, यावर घरात मतं पडली. मुलीला पिवळा हवा होता. तेव्हा आरसी बुकातला ‘हिरवा’ आठवला. समोरच्या छोट्या कप्प्याचं झाकण उघडलं तर आतून तो फिकट हिरवा तसाच होता. मरूनवाल्याने आत हात लावला नव्हता. गाडीचा रंग बदलला तर आरटीओकडून तो बुकात नोंदवून घ्यावा लागतो. आम्हाला मूळ रंगाकडेच जायचं होतं, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. रंगाऱ्याने त्या झाकणावरून रंग जुळवला. घासणं पुन्हा माझ्याकडे: वॉटर पेपर २२० चा, मग ४००, मग ८००, पाणी आणि साबणाची वडी. बोटांनी घासलं की बोटांच्या सऱ्या उठतात, म्हणून पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा. घासण्याआधी काळ्या रंगाचा हलकासा फवारा मारायचा. घासल्यावर जिथे काळं उरतं तिथे खड्डा. हाताला सपाट लागलेलं दार त्या काळ्या डागांनी भरलेलं बघून मी पुन्हा लांबीचा डबा उघडला. फवारणी मात्र रंगाऱ्यावर सोडली. आजच्या पॉलियुरेथेन रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना फार घातक आहे, आणि तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. रंगाऱ्यालाही मी योग्य मास्कशिवाय काम करू दिलं नाही.

गाडी ‘आपली’ करायची म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला. रुंद चाकं, बदललेला सायलेन्सर, कापलेलं छत असे फोटो मी पाहिले होते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. मला त्यात अडचण वाटली नाही. जिचं रूपच आवडून घेतली तिचं रूप कशाला बदलायचं? मी आत लक्ष घातलं. पायाखाली पट्टणकोडोलीकडच्या घोंगडीच्या पट्ट्या टाकल्या. लोकर पाणी धरून ठेवते आणि खाली नवा पत्रा आहे, म्हणून त्या चिकटवल्या नाहीत. पावसाळ्यात उचलून वाळत घालते. स्टिअरिंगवर चामडं चढवलं ते कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराने. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं त्यांनी आधी पाण्यात भिजवलं, ओलं असतानाच शिवलं, आणि सुकताना ते आपोआप आवळत गेलं. मोबाइलसाठी चार्जिंगची सोय केली, तिला वेगळा फ्यूज दिला. जुन्या वायरिंगला थेट तार जोडणं म्हणजे आगीला बोलावणं. सगळ्यात महत्त्वाचा बदल सीटबेल्टचा. माझ्या गाडीत पट्टे नव्हतेच. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर धक्क्याला तो पत्रा फाडून बाहेर येईल, म्हणून डेंटरकडून मागे जाड पोलादी पट्टी वेल्ड करून घेतली आणि मगच बेल्ट बसवले.

पीयूसीच्या टपरीवर नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आला तो मर्यादेच्या वर. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला ३ टक्क्यांची मुभा आहे, तीही ओलांडली होती. मामांनी बॉनेट उघडून माझ्या हातात पेचकस दिला. कार्ब्युरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा, थांबायचं, आकडा बघायचा, पुन्हा पाव फेरा. हात फिरतो तसा पडद्यावरचा आकडा उतरत होता आणि इंजिनाचा आवाज बदलत होता. थोड्या वेळाने मी पडद्याकडे न बघता आवाजावरूनच थांबले, आणि आकडा मर्यादेत होता.

आरटीओचं काम माझ्या अपेक्षेपेक्षा सरळ झालं, महाग मात्र झालं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या हटाव्यात हे मला मान्य आहे, पण नीट राखलेली, वर्षाला थोडीच धावणारी गाडी आणि टाकून दिलेलं धूड यांना एकच माप लावू नये असं मला मनापासून वाटतं. निरीक्षकांनी चेसिस क्रमांक, दिवे, हॉर्न, ब्रेक तपासले आणि बुकातला ‘हिरवा’ वाचून गाडीकडे पुन्हा एकदा बघितलं.

आता ती रोज शाळेला येते. वळताना स्टिअरिंग जरा सैल लागतं. पुढच्या चाकांच्या किंगपिन झिजल्यात, असं मामांचं निदान आहे. पुढची चाकं ज्या उभ्या खिळीभोवती डावी-उजवी वळतात ती किंगपिन. तिला ग्रीस द्यायची निपलं आहेत, आणि ती आधीच्या मालकाच्या काळात कुणी पाहिलेली दिसत नाहीत. नव्या पिना मिळाल्या. बुश उद्यमनगरात लेथवर करून घेतले आहेत. ते रीमरने नेमक्या मापाला कसे आणायचे हे मामा येत्या रविवारी शिकवणार आहेत. रीमर मी अजून पाहिलेला नाही.